मृत्यूचा चेहरा : एकोणिसाव्या शतकातील चित्रे आणि एक प्रश्न

शाळेच्या व्याकरणात चेतनगुणोक्ती नावाचा एक अलंकार असतो. निर्जीव वस्तू सजीव आहे, माणसासारखी वागते-बोलते आहे असे मानून केलेले वर्णन म्हणजे चेतनगुणोक्ती, ही व्याख्या आपण सर्वांनी कधी ना कधी पाठ केलेली आहे. वारा रडतो, नदी रुसते, झाड हाक मारते. परीक्षेत गुण मिळाले की हा अलंकार आपण विसरून जातो. मृत्यूच्या बाबतीत मात्र तो विसरता येत नाही. मृत्यू येतो, गाठतो, झडप घालतो, ओढून नेतो असेच आपण रोज बोलतो. मरणे ही घडणारी गोष्ट आहे. भाषा तिला कर्ता पुरवते. आणि एकदा कर्ता आला की त्याला हातपाय येतात, पोशाख येतो, स्वभाव येतो आणि मागोमाग जबाबदारीही येते.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी मृत्यूला जे वेगवेगळे देह दिले त्यांचा विचार मी याच अंगाने करणार आहे. त्या शतकात कॉलऱ्याच्या साथी आल्या, क्रांत्या झाल्या, गिरण्या उभ्या राहिल्या, शहरे माणसांनी फुगली. चित्रांतला मृत्यू कधी घोड्यावर बसून आला, कधी सारंगी वाजवत आला, कधी देवदूत होऊन आला. कलेचे इतिहासकार या चित्रांची शैलीनुसार वर्गवारी करतात. ती उपयोगी आहेच. परंतु मला त्यांच्याकडे पाहताना एक वेगळा प्रश्न पडतो : मृत्यूला चेहरा मिळाला तेव्हा माणसांच्या मरणाचा दोष कोणाच्या माथी गेला? हा प्रश्न फक्त युरोपचा नाही. याच शतकाच्या अखेरीस तो थेट मुंबईच्या मदनपुऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

हुकमाचा ताबेदार

आधी आपल्या घरातला संदर्भ स्पष्ट करून घेऊ. कुरआनात सूरह सज्दाच्या अकराव्या आयतीत मलक-उल-मौत म्हणजे मौतीचा फरिश्ता याचा उल्लेख आहे. इज्राईल हे त्याचे नाव तिथे नाही, ते परंपरेने दिलेले आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की हा फरिश्ता नेमलेला आहे. त्याला स्वतःची मर्जी नाही, राग नाही, लोभ नाही. तो सूड घेत नाही आणि दयाही करत नाही. तो आज्ञा पाळतो.

मौलाना रूमींच्या मसनवीत एक गोष्ट आहे. एक माणूस घाबरून हजरत सुलेमानांकडे येतो. इज्राईलने आपल्याकडे रोखून पाहिले असे सांगतो आणि वाऱ्याला हुकूम करून मला दूर हिंदुस्थानात पोहोचवा अशी विनवणी करतो. सुलेमान ती मान्य करतात. पुढे ते इज्राईलला विचारतात, त्या बिचाऱ्याकडे रागाने का पाहिलेस? तो सांगतो की ते पाहणे रागाचे नव्हते, नवलाचे होते. या माणसाचा जीव हिंदुस्थानात घ्यायचा हुकूम मला होता आणि हा तर इथे दिसला! या गोष्टीत मौतीच्या फरिश्त्यालाच नवल वाटते. पुढचे सारे त्यालाही ठाऊक नाही. तो मालक नाही, चाकर आहे.

इस्लामी जगात या फरिश्त्याची चित्रे अजिबातच निघाली नाहीत असे नाही. तेराव्या शतकातील अल-कझविनीच्या सृष्टीतील अद्भुत गोष्टींवरच्या ग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितांत फरिश्त्यांबरोबर इज्राईलही दिसतो. परंतु मृत्यूला नायक किंवा खलनायक करून चित्रमालिका रचाव्यात अशी परंपरा आपल्याकडे उभी राहिली नाही. याचे कारण केवळ चित्राविषयीचा संकोच एवढेच नसावे. ज्याला स्वतःची इच्छाच नाही त्याच्यावर नाटक कसे रचणार? नाटकाला मर्जी लागते. युरोपात एकोणिसाव्या शतकात मृत्यूला ही मर्जी मिळाली.

नाचणारा सांगाडा आणि झोपेचा भाऊ

या शतकाच्या हाती दोन जुन्या प्रतिमा होत्या. पहिली मध्ययुगातली, नाचणाऱ्या सांगाड्याची. पोप, राजा, व्यापारी, शेतकरी, तान्हे मूल या प्रत्येकाचा हात धरून सांगाडा त्याला घेऊन जातो. हान्स होल्बाइनने आखलेली आणि १५३८ साली लिऑनमध्ये पुस्तकरूपाने निघालेली लाकूडठशांची मालिका हे तिचे सर्वांत गाजलेले रूप. त्यातला सांगाडा थट्टेखोर असला तरी न्यायी आहे. तो लहानमोठे पाहत नाही. गरिबाला त्या थट्टेत थोडे समाधान मिळत असणार, कारण आयुष्यभर जी समता मिळाली नाही ती निदान तिथे मिळत होती.

दुसरी प्रतिमा ग्रीकांची. जर्मन विचारवंत लेसिंगने १७६९ साली एक निबंध लिहून दाखवले की प्राचीन लोक मृत्यूला सांगाडा करत नसत. त्यांच्या लेखी तो झोपेचा भाऊ होता, हातात उलटी मशाल धरलेला एक तरुण. इंग्रज चित्रकार वॉटरहाउसने १८७४ साली ही भावंडे एका मंचावर शेजारी शेजारी निजलेली दाखवली. एकाच्या चेहऱ्यावर उजेड आहे, दुसरा सावलीत आहे. झोप आणि मरण यांचे नाते आपल्याला परके नाही. सूरह जुमरच्या बेचाळिसाव्या आयतीत झोपेत आणि मरणात जीव ताब्यात घेतले जाण्याचा उल्लेख एकत्रच येतो.

सांगाडा आणि निजलेला तरुण यांच्या मधल्या जागेत एकोणिसाव्या शतकाची सारी चित्रे उभी आहेत.

बॅरिकेडवरचा मृत्यू

आल्फ्रेड रेथेल हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा चित्रकार. १८१६ साली आखेनजवळ जन्मलेला हा जर्मन चित्रकार आखेनच्या नगरभवनात सम्राट शार्लमेनच्या जीवनावरची भित्तिचित्रे काढत होता. १८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला. मे १८४९ मध्ये ड्रेस्डेनचा उठाव चिरडला गेला. त्याच वर्षी रेथेलची सहा लाकूडठशांची मालिका निघाली. तिच्या नावाचा अर्थ 'हाही एक मृत्युनाच'. चित्रांखाली रॉबर्ट राइनिकच्या कविता होत्या.

मालिकेची गोष्ट अशी आहे. पहिल्या चित्रात मृत्यू कबरीतून वर येतो आणि काही स्त्रिया त्याची सजावट करतात. या स्त्रिया म्हणजे कपट, खोटेपणा, अहंकार, वेड, रक्ताची तहान. न्यायदेवतेचा तराजू आणि तलवार हिसकावून त्या मृत्यूच्या हाती देतात. दुसऱ्या चित्रात तो टोपीत पीस खोचून, तोंडात चिरूट धरून घोड्यावरून शहराकडे निघतो. तिसऱ्यात तो दारूच्या गुत्त्याबाहेर जमलेल्या लोकांना तराजू दाखवतो. एका पारड्यात राजमुकुट, दुसऱ्यात मातीची चिलीम, आणि दोन्ही समान! मात्र त्याने तराजू वरच्या कडीला धरलेला नाही, मधल्या काट्याला धरला आहे. लोकांच्या ते लक्षात येत नाही. एक आंधळी म्हातारी तेवढी तिथून मूल घेऊन निघून जाते. चौथ्या चित्रात तो जमावाच्या हाती तलवार देतो. पाचव्यात बॅरिकेडवर तोफांचा मारा होतो आणि मृत्यू अंगरखा बाजूला करून आपली हाडे दाखवतो. शेवटी तो विजयी वीराच्या थाटात प्रेतांमधून घोडा घेऊन जातो.

कलेच्या दृष्टीने ही मालिका अप्रतिम आहे. रेषा ठसठशीत आहेत, एकही जागा फुकट गेलेली नाही, आणि त्या तराजूची युक्ती तर कुशल वकिलाला शोभेल अशी. तिच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि ती घरोघर गेली. परंतु तिचा युक्तिवाद तपासून पाहा. बॅरिकेडवर माणसे मेली ती तोफांनी. तोफा कोणाच्या होत्या? राजाच्या. रेथेल तोफांकडे बोट दाखवत नाही. तो म्हणतो, खरा मारेकरी तुम्हाला समतेचे स्वप्न दाखवणारा होता. होल्बाइनचा मृत्यू राजाला आणि शेतकऱ्याला एकाच मापाने मोजत होता. रेथेलच्या चित्रात मुकुट आणि चिलीम समान आहेत असे म्हणणे हीच मृत्यूची लबाडी ठरते. तीनशे वर्षांत सांगाडा तोच राहिला, त्याची बाजू पार बदलली.

चेतनगुणोक्तीचा धोका इथे कळतो. गोळी झाडणाऱ्याचे नाव पुसून तिथे 'मृत्यू' असे लिहिता येते, आणि तो मृत्यू मेलेल्यांच्याच गटातला आहे असेही दाखवता येते. दंगलीनंतर मेलेल्यांनाच दंगलीचे कारण ठरवणारे वृत्तान्त आपण वाचलेले आहेत. आपल्याला ही युक्ती ओळखता यायला हवी.

पाण्याच्या पंपावर उभा मृत्यू

रेथेलचे दुसरे प्रसिद्ध चित्र म्हणजे 'गळा घोटणारा मृत्यू'. १८३२ साली पॅरिसमध्ये कॉलरा आला आणि अठरा हजारांवर माणसे गेली. मुखवटे घालून नाचणाऱ्या लोकांमध्ये एक विदूषक कोसळला, मुखवटा काढला तर चेहरा निळाजांभळा पडला होता, अशी हकिकत कवी हाइनेने जर्मन वृत्तपत्राला कळवली होती. तिच्यावरून रेथेलने हे चित्र केले. नाचाच्या दिवाणखान्यात मृत्यू हाडांचीच सारंगी करून वाजवतो आहे, वादक पळत सुटले आहेत, मुखवटे घातलेले लोक जमिनीवर पडले आहेत. मागे एक कापडात गुंडाळलेली, हाती आसूड घेतलेली आकृती शांत बसली आहे. ती स्वतः कॉलरा.

ही साथ १८१७ साली बंगालमध्ये भडकली आणि पुढच्या वर्षांत व्यापाराच्या व फौजांच्या वाटेने जगभर गेली. युरोपात तिला 'आशियाई कॉलरा' म्हणत. म्हणजे रोगालाही राष्ट्रीयत्व मिळाले होते. रोगाला परका ठरवले की आपल्या गटारांकडे पाहावे लागत नाही.

गटारांकडे पाहिले ते लंडनच्या व्यंगचित्रकारांनी. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटचे कामकाज चालवणे कठीण झाले. त्या जुलैत 'पंच' साप्ताहिकात एक चित्र आले. घाणेरड्या थेम्सवर सांगाडा होडी वल्हवतो आहे आणि पाण्यात मेलेली जनावरे तरंगत आहेत. मृत्यूला तिथे वाटमाऱ्या केले होते. शहरापुढे प्रश्न होता तो पैसा खर्च करायचा की जीव घालवायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि बॅझलजेट या अभियंत्याच्या हाताखाली लंडनच्या भूमिगत गटारांचे प्रचंड काम सुरू झाले. हे एका चित्राने घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल; दुर्गंधीने खासदारांची नाके गाठली हे खरे कारण होते. तरी चित्राचे बोट योग्य दिशेला होते एवढे नक्की.

त्याहून धारदार चित्र जॉर्ज पिनवेलचे, १८६६ सालचे, 'फन' साप्ताहिकातले. गल्लीतल्या सार्वजनिक पंपाचा दांडा सांगाडा हापसतो आहे आणि गरिबांची मुले-बाया भांडी घेऊन पाण्यासाठी उभ्या आहेत. मृत्यूने इथे दवाखाना उघडला आहे, तोही फुकट आणि स्थानिक मंडळाच्या परवानगीने, असा चित्राचा टोमणा. बारा वर्षांपूर्वी, १८५४ साली, डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवून कॉलरा पाण्यातून पसरतो असे मांडले होते. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे शोधून दाखवला. पिनवेलच्या चित्रावेळी हा शोध अजून व्हायचा होता, पण मृत्यूला परवानगी कोण देते हे त्याला ठाऊक होते. रेथेलचा सांगाडा आणि पिनवेलचा सांगाडा हाडांनी सारखेच आहेत. एक सत्तेची वकिली करतो, दुसरा तिच्यावर फिर्याद करतो.

मित्र, दाई, फरिश्ता

प्रत्येक मृत्यूला फिर्याद नसते, हेही खरे. आयुष्य पुरे करून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मय्यतीत दुःख असते, तक्रार नसते. याच रेथेलने १८५१ च्या सुमारास 'मित्र मृत्यू' हे चित्र केले. चर्चच्या उंच मनोऱ्यात म्हातारा घंटावाला खुर्चीत हात जुळवून शांत बसला आहे, खिडकीबाहेर सूर्य मावळतो आहे, खिडकीत पाखरू येऊन बसले आहे. यात्रेकरूच्या वेषातला मृत्यू मान खाली घालून त्याच्याऐवजी घंटेचा दोर ओढतो आहे. म्हाताऱ्याचे शेवटचे काम त्याने आपल्या अंगावर घेतले. यापेक्षा हळुवार सांगाडा मी पाहिलेला नाही. दोनच वर्षांनी रेथेलचे मन ढासळले. तो १८५९ साली गेला. रागाचे चित्र आणि शांतीचे चित्र एकाच हातून यावे, हे त्या माणसाच्या आतल्या झुंजीविषयी पुष्कळ सांगून जाते.

इंग्लंडमध्ये जॉर्ज फ्रेडरिक वॉट्सने सांगाडा टाकूनच दिला. 'प्रेम आणि मृत्यू' हे त्याचे चित्र १८७७ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत लागले. शुभ्र वस्त्रातली भव्य आकृती आपल्याकडे पाठ करून उंबरठा ओलांडते आहे. दारात पंख असलेला छोटा मुलगा, म्हणजे प्रेम, तिला अडवू पाहतो आहे. गुलाबाच्या पाकळ्या पायदळी पडल्या आहेत. एका मरणोन्मुख तरुण उमरावाचे व्यक्तिचित्र करताना वॉट्सला ही कल्पना सुचली. मृत्यूचा चेहरा तो दाखवत नाही. चेहरा न दाखवता दरारा उभा करणे ही रीत आपल्याला ओळखीची वाटते. वर्षानुवर्षे हाताखाली ठेवलेल्या 'मृत्यूचा दरबार' या चित्रात तर मृत्यू ही सिंहासनावर बसलेली माता आहे. तिच्या मांडीवर तान्हे मूल आहे. राजा, योद्धा, भिकारी तिच्यासमोर आले आहेत. हे चित्र गरिबांच्या दफनभूमीतल्या प्रार्थनागृहासाठी योजलेले होते. बेवारशांच्या कब्रस्तानात मृत्यूला आई करून बसवावे, ही कल्पना मनाला लागते.

इथे व्याकरणाचा एक मुद्दा येतो. जर्मन भाषेत मृत्यू पुल्लिंगी आहे, फ्रेंच आणि पोलिश भाषांत स्त्रीलिंगी. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या कार्लोस श्वाबेने १८९५ च्या सुमारास काढलेल्या 'कबर खोदणाऱ्याचा मृत्यू' या चित्रात बर्फाने भरलेल्या कब्रस्तानात, अर्धवट खोदलेल्या कबरीत म्हातारा उभा आहे. काठावर काळ्या वस्त्रातली, मोठ्या पंखांची तरुण स्त्री बसली आहे. तिच्या तळहातात हिरवा उजेड आहे. ज्याने जन्मभर इतरांसाठी खड्डे खोदले त्याच्यासाठी आज ती आली. पोलंडच्या यात्सेक माल्चेव्स्कीने १८९८-९९ मध्ये 'थानाटोस' हे ग्रीकांचे पुल्लिंगी नाव घेतले, पण चित्रात उभी राहिली ती कोयता घेतलेली धट्टीकट्टी तरुणी. मातृभाषेचे लिंग चित्रकाराच्या कुंचल्यात असे उतरते. फिनलंडच्या भाषेत नामांना लिंगच नाही. तिथल्या ह्यूगो सिम्बर्गने १८९६ साली 'मृत्यूची बाग' काढली. काळे झगे घातलेले सांगाडे कुंड्यांतल्या रोपांना मायेने पाणी घालत आहेत. ते पुरुषही नाहीत, बायकाही नाहीत. ते माळी आहेत. पुढच्या वर्षीच्या त्याच्या एका चित्रात तर मृत्यू मान झुकवून, हात मागे बांधून, आजारी म्हातारीच्या खाटेजवळ उभा आहे. एक तरुण व्हायोलिन वाजवतो आहे आणि ते संपेपर्यंत मृत्यू थांबला आहे. हुकूम बजावायला आलेला, पण अदब सांभाळणारा हा पाहुणा आपल्या कल्पनेतल्या फरिश्त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो.

आपल्या मराठीत तर मृत्यू पुल्लिंगी, मरण नपुंसकलिंगी आणि आपल्या घरातली मौत स्त्रीलिंगी. शिवाय इंतकाल आहे, ज्याचा मूळ अर्थच एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे. मुस्लिम मराठी लेखकाच्या हाती इतके शब्द आहेत. त्यांतला कोणता कधी वापरायचा, यात त्याची अर्धी कविता असते.

सन १८९८

आता ज्या वर्षासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९७ चा साथरोग कायदा आला. घराघरांत शिरून तपासणी, रोग्याला जबरदस्तीने इस्पितळात नेणे, सामान जाळणे सुरू झाले. पुण्यात याच काळात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले मार्च १८९७ मध्ये गेल्या आणि जून महिन्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या जुलाहा विणकरांनी एका आजारी मुलीची तपासणी करायला आलेल्या पथकाला अडवले. दगडफेक झाली, गोळीबार झाला, दंगा शहरात पसरला. पडद्याचा प्रश्न त्यात होता, तसाच इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही हा अनुभवही होता.

त्याच १८९८ साली स्विस चित्रकार आर्नोल्ड ब्योक्लिनने 'प्लेग' हे चित्र केले. ते आज बाझेलच्या संग्रहालयात आहे. मुंबईच्या प्लेगच्या ज्या बातम्या तेव्हा युरोपात पोहोचत होत्या त्यांच्याशी अभ्यासक या चित्राचा संबंध जोडतात. अरुंद गल्लीतून वटवाघळाच्या पंखांचे एक अजस्र जनावर उडत येते आहे. त्यावर सडलेल्या देहाचा मृत्यू कोयता परजत बसला आहे. खाली माणसे पडत आहेत. पांढऱ्या कपड्यातल्या मृत स्त्रीवर लाल वस्त्रातली दुसरी कोसळली आहे. ब्योक्लिनला मृत्यू परका नव्हता. त्याची अनेक मुले त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. १८७२ च्या आत्मचित्रात त्याने आपल्या खांद्यामागे एकाच तारेची व्हायोलिन वाजवणारा सांगाडा काढला होता. त्यामुळे 'प्लेग'मधली भीती खोटी नाही. पण ती गल्ली मुंबईची नाही, युरोपातल्या कुठल्याशा जुन्या शहराची आहे. तिथे चाळ नाही, गिरणी नाही, तपासणी पथक नाही. मृत्यू आकाशातून येतो, म्हणून त्याच्याबद्दल कोणालाच विचारता येत नाही.

आणि जून १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. त्याच्यावर वर्षानुवर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. ब्योक्लिनचा अजस्र पक्षी आणि सिमोंची नखाएवढीही नसलेली पिसू, दोन्ही एकाच वर्षातली. पिसवेचे चित्र भव्य होत नाही. पण पिसू कळली की पुढचा प्रश्न विचारता येतो : उंदीर कोणाच्या घरात? दाटीवाटीच्या, ओल्या, काळोख्या खोल्यांत. त्या खोल्या कोणी बांधल्या आणि भाडे कोण घेत होते?

हा पुढचा प्रश्न चित्रातून विचारणारी एक तरुणी त्याच वर्षी बर्लिनमध्ये होती. केटे कोल्विट्झ तेव्हा तिशीतली होती आणि कामगार वस्तीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरची पत्नी होती. १८४४ साली सायलेशियातल्या हातमाग विणकरांनी उपासमारीला कंटाळून उठाव केला होता. त्यावरचे हाउप्टमानचे नाटक तिने पाहिले आणि १८९३ ते १८९७ या काळात 'विणकरांचा उठाव' ही सहा चित्रांची मालिका केली. १८९८ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात ती लागली. निवड मंडळाने तिला सुवर्णपदक द्यावे असे सुचवले आणि सम्राट विल्हेल्म दुसरा याने ते नाकारले.

मालिकेतले दुसरे चित्र म्हणजे 'मृत्यू'. विणकराचे अंधारे घर, मेणबत्तीचा अपुरा उजेड, मोठ्या डोळ्यांचे मूल, भिंतीला टेकलेली गलितगात्र आई, बाजूला हतबल उभा बाप. अंधारातून सांगाड्याचा हात आईपर्यंत आला आहे. या सांगाड्याला ना घोडा, ना पंख, ना कोयता. त्याला नाटक करायला जागाच नाही. तो या घरात नवा आलेला वाटत नाही. कित्येक महिने इथेच राहत असावा. आणि कोल्विट्झने त्याला मालिकेत कुठे ठेवले ते पाहा. पहिले चित्र हलाखीचे, दुसरे मृत्यूचे, मग खलबत, मोर्चा, मालकाच्या दारावरची धडक आणि शेवटी घरात आणून ठेवलेली प्रेते. रेथेलने दाखवले होते की मृत्यू लोकांना उठावाकडे नेतो. कोल्विट्झ क्रम उलटा करते. मृत्यू आधीच घरात होता. त्याने पहिला बळी घेतला तो मजुरी न मिळालेल्या घरात. उठाव त्यानंतरचा.

तिने मदनपुऱ्याचे नाव ऐकले असेल असे मानायला आधार नाही, आणि दोन्ही उठावांची कारणेही एकच नव्हती. परंतु ज्या वर्षी विणकराच्या घरातला मृत्यू बर्लिनच्या भिंतीवर लागला त्याच वर्षी मुंबईचे विणकर रस्त्यावर आले होते, ही नोंद माझ्या मते मराठी वाचकाने करून ठेवायला हवी. मदनपुऱ्याला कोल्विट्झ मिळाली नाही. तिथल्या मेलेल्यांची आठवण सरकारी कागदांत दंगेखोर म्हणून उरली.

तकदीर आणि तदबीर

मग आपले काय? आपला फरिश्ता निर्दोष आहे, कारण तो ताबेदार आहे. ही कल्पना मला एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही प्रतिमेपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. तिच्यात मृत्यूला खलनायक करण्याची सोयच नाही. मात्र या निर्दोषपणाचा आपण गैरफायदाही घेतो. बाळंतपणात बाई गेली की 'वेळ भरली होती' म्हणून आपण मोकळे होतो. इमारत कोसळली, यंत्रमागावर धुळीने छाती भरून तरुण गेला, गटारात उतरलेला मजूर वर आलाच नाही, तरी तकदीर हा शब्द तयार असतो. तो शब्द दुःखिताच्या तोंडी आधार असतो. कंत्राटदाराच्या तोंडी तोच शब्द पळवाट होतो.

हजरत उमर शामच्या वाटेवर असताना पुढे साथ आहे असे कळल्यावर ते परत फिरले, ही हकिकत हदीसच्या ग्रंथांत आहे. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांना हजरत अबू उबैदांनी विचारले. त्यांच्या उत्तराचा आशय असा की परतणे हीदेखील त्याचीच तकदीर आहे. प्लेगच्या काळात तरुण आगाखान तिसरे यांनी हाफकिन यांची लस सर्वांसमोर स्वतः टोचून घेतली आणि अनुयायांची भीती घालवली. तकदीर मानणाऱ्यांनी तदबीर सोडावी असे आपल्या परंपरेने कुठे सांगितलेले नाही.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. कयामतच्या दिवशी हिशेब पुरा झाल्यावर मौतीला मेंढ्याच्या रूपात आणले जाईल आणि जन्नत-दोजखच्या लोकांसमोर तिची कुर्बानी होईल, असा तिचा मथितार्थ. मृत्यूला देह देण्याची कल्पना म्हणजे काही युरोपची मिरास नव्हे. इथे तिला देह मिळतो तो तिचा अंत व्हावा म्हणून. पण क्रम ध्यानात घ्यायला हवा. आधी माणसांचा हिशेब, नंतर मौतीचा शेवट. पिनवेलने आणि कोल्विट्झने मृत्यूचे चित्र काढताना हा क्रम पाळला. आपल्या कथा-कवितांत मौत येते तेव्हा ती कोणाचा हिशेब मागते आणि कोणाचा माफ करते, हे आपल्या समीक्षेने एकदा निवांत बसून पाहायला हवे.